अंधेरी: गाडी पकडायची नाही, बघायची

अंधेरी स्टेशनात माणूस गाडी बघत नाही, गाडीतली जागा बघतो. चर्चगेट फास्ट शिरली की दाराकडे झेप, उतरणाऱ्यांच्या शिव्या, आणि अर्ध्या मिनिटात सगळं पांगलेलं. त्या गर्दीत एखादा पोरगा लोकलकडे पाठ करून विलेपार्ल्याच्या दिशेने टक लावून उभा दिसतो. त्याला कुठेही जायचं नसतं. राजधानी येणार असते.

मुंबई-दिल्ली राजधानी १९७२ पासून या रुळांवरून धावते आहे. हल्ली ती मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाचला सुटते आणि पाठोपाठ ऑगस्ट क्रांती राजधानी. रूळ दक्षिणोत्तर असल्यामुळे त्या वेळी ऊन पश्चिमेकडून पडतं. हिवाळ्यात ते असं तिरपं येतं की इंजिनाच्या कुशीवरचा नंबर आणि शेडचं नाव दुरूनही वाचता यावं. रेलफॅन मंडळींना मुख्यतः तेच हवं असतं. डब्ल्यूएपी-७ म्हणजे काय, हे ती चहाच्या एका कटिंगमध्ये समजावून देतात: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे पॅसेंजर. मग खरी चर्चा सुरू होते. इंजिन वडोदऱ्याचं की वलसाडचं? नेहमीच्या लिंकमधलं की ऑफलिंक, म्हणजे भलत्याच शेडचं पाहुणं? असा पाहुणा आला की तो दिवस सोन्याचा.

फोटोसाठी अंधेरी तशी वाईटच जागा. छपरं, खांब, तारा, पादचारी पूल आणि नेमक्या क्षणी आडवी येणारी लोकल. वैतरणेचा पूल किंवा बोरघाट कुठे आणि अंधेरी कुठे! पण मुंबई सेंट्रल आणि वांद्रे टर्मिनसहून गुजरात, राजस्थान, दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्यांना अंधेरी चुकवता येत नाही. चित्र बेताचं मिळेल, पाहिलेल्या इंजिनांची यादी मात्र लांबलचक होते.

ही यादी इतकी लांब पूर्वी नव्हती, आणि त्याचं कारण वरच्या तारेत आहे. आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वसुरी बीबी अँड सीआय रेल्वेने जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेची गाडी सुरू केली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे देशभर २५ हजार व्होल्ट एसी आलं, मुंबई मात्र डीसीवरच राहिली. त्यामुळे देशातली नुसत्या एसीवर चालणारी दणकट इंजिनं मुंबईच्या वेशीवरच थांबत. इथे राज्य होतं डब्ल्यूसीएएम-१ चं. सत्तरच्या दशकात चित्तरंजनला बनलेलं हे इंजिन दोन्ही विजांवर चालायचं. विरारजवळ एकीतून दुसरीत जायचं आणि थेट अहमदाबाद गाठायचं. ५ फेब्रुवारी २०१२ ला चर्चगेटपर्यंत एसीचं काम पूर्ण झालं. अंधेरीला नवी इंजिनं दिसू लागली आणि डब्ल्यूसीएएम-१ चा दुहेरी गुण निरुपयोगी ठरला. चाळिशी ओलांडलेले रेलफॅन त्याच्याविषयी असे बोलतात, जसं जुन्या चाळीतल्या शेजाऱ्याबद्दल बोलावं. जुन्या कत्थई-पिवळ्या लोकलच्या मोटारींचा घरघराटही त्यांना आठवतो. त्यांच्या मते २००७ मध्ये आलेल्या सीमेन्सच्या गाड्या चढत्या सुरात शिट्टी मारत निघतात. हा फरक डोळे मिटून ओळखता येतो, हे खरं आहे.

अंधेरीचं आणखी एक प्रकरण फार कमी लोकांना माहीत आहे. इथून कुर्ल्यामार्गे तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्ब्याला, जाणारी रेल्वे होती. १९२८ साली सुरू झालेली ही साष्टी-ट्रॉम्बे लाइन १९३४ मध्ये बंदही पडली. रुळांचा मागमूस उरलेला नाही. विमानतळाच्या आसपास तिचा मार्ग शोधत जुने नकाशे घेऊन फिरणं, हा काही रेलफॅनचा रविवारचा उद्योग. ती गेल्यावर अंधेरीतून पूर्वेकडे रूळ धावले ते थेट ८ जून २०१४ ला, मेट्रो-१ च्या रूपाने. मधल्या ऐंशी वर्षांची किंमत ३४० नंबरच्या बसमधून घाटकोपरला लटकत गेलेल्यांना विचारावी. आता मेट्रो लोकलच्या डोक्यावरून जाते: वर १४३५ मिलिमीटरचा स्टँडर्ड गेज, खाली १६७६ चा ब्रॉडगेज. दोन गेज एका फ्रेममध्ये पकडायचे तर घाई नको, तासभर हाताशी हवा.

कॅमेरा मोठा असला की आरपीएफचा जवान हटकतो. मोबाइलवाल्याला सहसा कोणी विचारत नाही, म्हणून अनुभवी माणसं मोबाइलच काढतात. मात्र फोटोसाठी रुळांवर उतरणाऱ्याची बाजू कोणीही घेऊ नये. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली तो गुन्हा आहेच, शिवाय त्याच्या करामतीमुळे फलाटावर शिस्तीत उभ्या असलेल्यांनाही हाकलून देतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये खार-गोरेगाव सहावी मार्गिका सुरू झाली आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना लोकलच्या रांगेतून थोडी मोकळीक मिळाली. पुढचा बदल जोगेश्वरीत होतो आहे. तिथे नवं टर्मिनस उभं राहतं आहे. जोगेश्वरी अंधेरीच्या उत्तरेला, आणि तिथून सुटणाऱ्या गाड्याही उत्तरेलाच जाणार. म्हणजे अंधेरीच्या फलाटावरून त्या दिसायच्या नाहीत. त्यांच्यासाठी एक स्टेशन पुढे जावं लागेल, तेही अंधेरीहून लोकलमध्ये चढून.