ढगांचे पांघरूण : वारज्यात आणि ध्रुवावर

पौष महिन्यात मुठाकाठच्या वारज्यास आकाश निरभ्र असले व वारा पडलेला असला, म्हणजे पहाटे गवतावर दव दाटते आणि हुडहुडी भरते. दुसऱ्याच रात्री आभाळ आले तर थंडी मोडते. वारजे आता पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले आहे. निसर्गाचा हा नियम मात्र तेथे पूर्वीप्रमाणेच चालतो.

दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे टाकते. हवेतील बाष्प व ढग तिचा बराच भाग अडवून जमिनीकडे परत पाठवितात. अंगावर घोंगडी घ्यावी, तसाच हा प्रकार होय. पुण्यात १९३२ साली कृषि-हवामानाचा विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनी त्याच सुमारास दाखवून दिले की, निरभ्र व शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीस लागून नसते, तर वीत-दोन वीत वर असते; म्हणजे नेमकी कोवळ्या पिकाच्या शेंड्याशी! पुष्कळ शास्त्रज्ञांना हे प्रथम खरे वाटले नाही.

उत्तर ध्रुवाजवळील समुद्रावर हीच घोंगडी मोठ्या प्रमाणावर काम करते. तेथील हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. अशा वेळी ढग असले तर उष्णता कोंडते व बर्फाचा थर सावकाश वाढतो. बर्फाच्छादित समुद्र निम्म्याहून अधिक ऊन परतवितो. उघडे पाणी मात्र शंभरापैकी सुमारे सहाच भाग. म्हणून बर्फ हटला की पाणी तापते, शरदात वाफ अधिक निघते, ढग वाढतात आणि नवा बर्फ उशिरा धरतो. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावर तेच ढग छत्रीचेही काम करतात, त्यामुळे हिशेब सरळ राहत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये तेथील बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आकसला होता.

दूरच्या बर्फाचा आपल्या पावसाशी संबंध जोडण्याचा प्रयत्न जुना आहे. ब्लॅनफोर्ड यांनी १८८४ साली हिमालयातील हिमावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याचा मार्ग सुचविला होता.

ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस सांगावे, की निरभ्र, निवांत व कडाक्याच्या रात्रीचा अंदाज असल्यास सायंकाळी पिकास हलके पाणी द्यावे. ओल्या जमिनीत उष्णता अधिक साठते. आभाळ दोन-तीन दिवस टिकल्यास मात्र पाण्याची घाई न करता ज्वारीवर मावा व हरभऱ्यावर घाटेअळी आली आहे काय, ते पाहावे.