शिवराई उजळवू नका, कोरडी ठेवा

तांब्याची जुनी शिवराई घरात सापडली की बहुतेकांचा हात आधी चिंचेकडे किंवा लिंबू-मिठाकडे जातो. पाच मिनिटांत नाणे लख्ख होते. त्याच पाच मिनिटांत शतकानुशतके तग धरलेल्या नाण्याचे कायमचे नुकसान होते. तांब्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे तपकिरी ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच खालच्या धातूला जपतो. तो मळ नव्हे. आंबट पदार्थ हा थर विरघळवून तांबे उघडे पाडतो. मिठाने होणारे नुकसान याहून वाईट असते, कारण त्यातला क्लोराइड नाण्याच्या बारीक छिद्रांत शिरतो. तांब्याशी त्याचा संयोग होऊन क्युप्रस क्लोराइड तयार होते आणि धुतल्यावरही आत दडून राहते. पुढे दमट हवा मिळाली की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, ते आणखी तांबे खाते, आणि हे चक्र चालूच राहते. संवर्धक याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. जमिनीत पुरलेल्या नाण्यांना तो मातीतल्या क्षारांमुळे जडतो. लिंबू-मिठाने घासणारा माणूस तोच क्षार स्वतःच्या हाताने नाण्यात भरतो.

यावर एक रास्त प्रश्न येतो: घासल्याशिवाय अक्षरे वाचायची कशी? शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असते. शिवाजी महाराजांनंतरही ही नाणी दीर्घकाळ पाडली जात राहिली, त्यामुळे अक्षरांचे वळण, ऱ्हस्व-दीर्घ, ओळींची मांडणी अशा बारीकसारीक फरकांवरून अभ्यासक त्यांचे प्रकार लावतात. हात फिरून फिरून अक्षरांचे माथे फिकट झालेले असतात आणि खोलगट जागेत गडद थर टिकून असतो. डोळ्यांना अक्षर दिसते ते या फरकामुळेच. नाणे सगळीकडे सारखे चकचकीत झाले की हा फरक जातो, आणि झिजलेल्या नाण्यावरची उथळ वेलांटी तर घासण्यात साफ पुसली जाते. त्यापेक्षा नाणे पांढऱ्या कागदावर ठेवावे, एका बाजूने तिरपा प्रकाश टाकावा आणि भिंगातून पाहावे. सपाट उजेडात न दिसणारा उंचवटाही सावली धरतो. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून मऊ ब्रशने अलगद काढावी आणि नाणे पूर्ण कोरडे करावे. वाचनासाठी एवढे बहुतेक वेळा पुरते.

देवघरातली तांब्याची भांडी चिंचेने घासतातच की, असेही म्हटले जाते. भांडे रोजच्या वापराचे असते. त्याचा थोडा धातू झिजला तरी काम अडत नाही. नाण्याचा सारा मजकूर मात्र त्या वरच्या अर्ध्या-एक मिलिमीटरमध्येच असतो. चांदीच्या रुपयाचेही तसेच. त्यावरचा काळपटपणा म्हणजे गंधकाशी संयोग झालेली चांदीच, म्हणून पॉलिशच्या दर हातासरशी थोडी चांदी जाते. जाणकार संग्राहक घासलेल्या नाण्याला कमी किंमत देतात, ती याच कारणाने.

मग हिरवे पडलेले नाणे तसेच राहू द्यायचे का? सगळा हिरवा रंग ‘ब्राँझ डिसीज’ या रोगाचा नसतो. गडद, गुळगुळीत, नखाला न निघणारा थर बहुधा स्थिर असतो. त्याला हात लावू नये. फिकट हिरवी, भुसभुशीत, टाचणीच्या टोकाने सहज सुटणारी आणि खाली खड्डा सोडणारी भुकटी मात्र रोगाची खूण. असे नाणे लगेच वेगळे काढून कोरड्या डब्यात ठेवावे आणि संवर्धकाला दाखवावे. बेंझोट्रायाझोलसारखी रसायने तो वापरतो. ती घरी हाताळण्यासारखी नाहीत.

घरी आपल्या हातात असते ते ओलाव्यावरचे नियंत्रण, आणि माझ्या मते खरे संरक्षण तेच. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांच्या वर गेली की या रोगाची क्रिया वेग घेते आणि ४० टक्क्यांच्या खाली जवळजवळ थांबते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांपलीकडे जाते, म्हणून तिथे कपाटातला मखमली बटवा कामाचा नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलची पुडी आणि छोटा आर्द्रतामापक, एवढे साधन महाग पडत नाही. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतात. नाणे कडेने धरावे, कारण बोटांच्या घामातही मीठ असते. जोखीम अल्बममध्येही असते. मऊ, उग्र वासाचे पीव्हीसीचे कप्पे कालांतराने आम्ल सोडतात आणि नाण्यावर चिकट हिरवा थर धरतो. पॉलिएस्टरचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे घ्यावेत. रबर बँड आणि लोकर यांत गंधक असतो, तर ओकसारख्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते, म्हणून तेही दूर ठेवावेत. डबा पारदर्शक निवडला तर ऐन पावसात झाकण न उघडता, दमट हवा आत न घेता, भिंगातून भुकटी दिसते का ते पाहता येते.