तीन पावलांत सव्वाअठरा मीटर

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या गावात शाळेच्या मैदानावर दुसरं काही आखलेलं असो नसो, कबड्डीचं मैदान आखायला फक्कीची पिशवी आणि मोजपट्टी पुरते. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब. मधोमध, साडेसहा मीटरवर मध्यरेषा. तिच्यापुढे पावणेचार मीटरवर निदानरेषा, आणखी एका मीटरवर बोनस रेषा, मग अंतिम रेषा. या मैदानावर एक उडी मांडून बघू.

उडी आहे ब्रिटनच्या जोनाथन एडवर्ड्सची. ७ ऑगस्ट १९९५, स्वीडनमधलं गोथेनबर्ग, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली पुरुषांची तिहेरी उडी. अंतर १८.२९ मीटर. कबड्डीच्या एका टोकाच्या अंतिम रेषेवरून एडवर्ड्स उडाला असं समजा. पहिला टप्पा ६.०५ मीटरचा, म्हणजे त्याचं पाऊल मध्यरेषेच्या जेमतेम अर्धा मीटर अलीकडे पडतं. दुसरा टप्पा ५.२२ मीटरचा. आता तो समोरच्या अंगणात, निदानरेषा ओलांडून थेट बोनस रेषेवर आहे, फरक फक्त २ सेंटिमीटरचा. तिथून तिसरा टप्पा ७.०२ मीटरचा. मैदान संपतं, तो संपत नाही. समोरच्या अंतिम रेषेच्या पलीकडे सव्वापाच मीटरवर तो उतरतो. अख्ख्या मैदानात त्याचे पाय जमिनीला लागले ते दोनदाच.

हे मैदान निवडण्याला आणखी एक कारण आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांच्या तिहेरी उडीची फळी वाळूच्या हौदापासून किमान १३ मीटर अलीकडे असते. म्हणजे बरोबर एवढंच अंतर कठीण धावपट्टीवर कापायचं, आणि मऊ वाळू मिळणार ती फक्त शेवटी. त्यात नियम असा की ज्या पायाने फळीवरून उडालात त्याच पायावर पहिल्यांदा उतरायचं, ही लंगडी. मग दुसऱ्या पायावर, ही ढांग. आणि त्या दुसऱ्या पायाने वाळूत शेवटची उडी. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांतही मोठ्या मुलांच्या गटात हीच उडी असते.

आता त्या तीन आकड्यांकडे पुन्हा पाहा: ६.०५, ५.२२, ७.०२. माणूस सगळ्यात वेगात असतो तो पहिल्या टप्प्याला. मग सगळ्यात लांब तिसरा कसा? एडवर्ड्सला पहिल्यांदा साडेसहा, पावणेसात मीटर जाणं अवघड नव्हतं. तो मुद्दाम गेला नाही. तिहेरी उडीचं सगळं मर्म या न जाण्यात आहे.

फळीवर येताना अव्वल खेळाडूचा वेग सेकंदाला १० मीटरच्या आसपास असतो. एडवर्ड्सची १०० मीटर धावण्याची सर्वोत्तम वेळ १०.४८ सेकंद होती, म्हणजे तो मुळात धावपटूच. पण पाय जमिनीला टेकला की प्रत्येक वेळी थोडा वेग जातो, कारण पाऊल शरीराच्या किंचित पुढे पडतं आणि ब्रेकचं काम करतं. पहिली उडी उंच घेतली तर माणूस उंचावरून खाली येणार, आदळणार, आणि त्या आदळण्यात पुढच्या दोन टप्प्यांचा वेग गिळला जाणार. म्हणून लंगडी लांब पण बुटकी ठेवतात. लांब उडीत खेळाडू साधारण २० अंशांच्या कोनाने उडतो, तिहेरी उडीत पहिल्या टप्प्याला १५ अंशांच्या आसपास. ही उडी मारणारा खरं तर उडतच नसतो. तो धावत असतो आणि धावतानाच पावलं लांबवत असतो. ज्याने वेग जपून वापरला त्याच्याकडे शेवटच्या टप्प्यासाठी तो उरतो.

वेग जपायचा कसा, याचं उत्तर पावलात आहे. नवशिका पोरगा पाय पुढे टाकून टाचेवर उतरतो. तयार खेळाडूचा पाय जमिनीला लागण्याच्या आधीच मागे खेचला जाऊ लागलेला असतो. त्याने जमीन पावलाखालून मागे ओढली जाते आणि ब्रेक कमी लागतो. सबंध पाऊल जवळजवळ सपाट पडतं, गुडघा थोडासाच वाकतो, आणि हात, बहुतेकदा दोन्ही एकदम, मागून पुढे झोकले जातात.

हे सगळं किती वेळात? पायाचा जमिनीशी संबंध दर वेळी सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकाच येतो. तिन्ही स्पर्श एकत्र केले तरी अर्धा सेकंद भरत नाही. तेवढ्यात पायावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या बारा-पंधरा पटींपर्यंत जातो. सत्तर किलोच्या माणसाच्या एका पायावर क्षणभर एक टन! तोही वाकून, सावरून झेलायचा नाही. त्याच पायाने लगेच पुढे झेपायचं.

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. पाऊल टेकल्याची खबर मेंदूपर्यंत जाऊन, विचार होऊन हुकूम परत पायापर्यंत पोचेस्तोवर पाऊल जमीन सोडून गेलेलं असतं. म्हणजे जमिनीवर असताना खेळाडू काहीही ठरवू शकत नाही. सगळं हवेत असतानाच ठरलेलं असतं. पाय टेकण्याआधीच पोटरीचे आणि मांडीचे स्नायू आवळलेले असतात, टाचेमागची जाड शीर ताणली जाते, ताण साठवते आणि परत देते. वर्षानुवर्षांच्या सरावाने शिकवायचं असतं ते पायाला, डोक्याला नव्हे.

म्हणूनच ही उडी कोवळ्या वयात घाईने शिकवण्याची गोष्ट नाही. सोलापूरकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. तिच्यावर रोज लंगडी घालून नडग्या आणि गुडघे दुखवून घेण्यापेक्षा गवतावर, वाळूत छोट्या उड्यांनी सुरुवात करणं शहाणपणाचं.

आणि एवढं करूनही उडी बाद होऊ शकते. फळी फक्त २० सेंटिमीटर रुंद. पाऊल तिच्या पुढच्या कडेपलीकडे गेलं की लाल निशाण. पूर्वी कडेपलीकडच्या प्लॅस्टिसिनवर ठसा उमटला का ते बघत. आता मोठ्या स्पर्धांत कॅमेरा बघतो. पाठीमागून वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर उडी मोजतात, पण विक्रमात धरत नाहीत. १९९५ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये एडवर्ड्स १८.४३ मीटर गेला होता, वारा २.४ मीटर निघाला आणि विक्रम हुकला. गोथेनबर्गला मात्र वारा १.३ होता. तिथे त्याने आधी १८.१६ मारली, आणि पुढच्याच प्रयत्नात १८.२९. एकाच दुपारी दोन जागतिक विक्रम.

तो विक्रम अजून उभा आहे. सगळ्यात जवळ पोचला अमेरिकेचा ख्रिश्चन टेलर, २०१५ मध्ये बीजिंगला १८.२१ मीटर. टेलरची गंमत अशी की गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्याने मध्येच उडी घ्यायचा पायच बदलला होता. एका पायाला शिकवलेलं दुसऱ्याला पहिल्यापासून शिकवून तो आठ सेंटिमीटरवर येऊन थांबला.

ही स्पर्धा नवी नाही. १८९६ च्या अथेन्सला आधुनिक ऑलिंपिकचा पहिला विजेता ठरला तो तिहेरी उडीतलाच, अमेरिकेचा जेम्स कॉनोली, १३.७१ मीटर. आशियाशी तर तिचं जुनं नातं. १९२८ मध्ये जपानच्या मिकिओ ओदाने १५.२१ मीटर उडी मारून आशियाला वैयक्तिक स्पर्धेतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण दिलं. १९३२ ला चुहेइ नाम्बु, १९३६ ला नाओतो ताजिमा. लागोपाठ तीन सुवर्णं जपानकडे.

भारताचं काय? मोहिंदरसिंग गिल यांनी १९७० च्या आशियाई खेळांत सुवर्ण मिळवलं. पुढचं सुवर्ण आलं ४८ वर्षांनी, २०१८ ला जकार्तात, अर्पिंदरसिंगकडून. याच अर्पिंदरने २०१३ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत भरलेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य जिंकलं होतं. एरवी टीव्हीवरच दिसणारी ही उडी तेव्हा मराठी प्रेक्षकांच्या दारात आली होती.

मग ७ ऑगस्ट २०२२ उजाडला. एडवर्ड्सच्या विक्रमाला त्या दिवशी बरोबर २७ वर्षं होत होती. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केरळच्या एल्धोस पॉलने १७.०३ मीटर उडी मारून सुवर्ण घेतलं. रौप्य अब्दुल्ला अबूबकरला, १७.०२. दोघंही भारतीय, दोघंही केरळचे, अंतर एका सेंटिमीटरचं. तिसरा बर्म्युडाचा पेरिंचीफ, १६.९२. चौथा तमिळनाडूचा प्रवीण चित्रवेल, १६.८९. चार सेंटिमीटर आणखी मिळाले असते तर तिन्ही पदकं भारताची होती. प्रवीणने पुढच्याच वर्षी हवानामध्ये १७.३७ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला.

पुढची स्पर्धा टीव्हीवर लागली की लोकांचे डोळे वाळूवर असतात. आपण ढांगेवर ठेवावेत. बहुतेकांची तीच आखूड पडते. पहिल्या टप्प्यात हाव केलेली असेल तर तिथेच पाठ वाकते, पाय घाईने खाली येतो. ज्याची ढांग हवेत तरंगते, मांडी आडवी राहते आणि छाती ताठ असते, त्याने पहिल्या टप्प्याला काहीतरी राखून ठेवलं आहे. मोठी उडी होणार की नाही, हे तिथेच कळतं. वाळू त्यानंतर फक्त मोजमाप सांगते.