अडलेला ट्रक आणि माझा धपाटा

मैत्रिणींनो, गोष्ट तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची. आमच्या वाशिमच्या गल्लीत पोरं लाकडी नंदी सजवून ओढत निघाली होती. धाकट्याने मात्र मामाने राखीला आणलेला रिमोटचा ट्रक काढला, आणि तो दहा पावलांवर अडला! मोटर घुरघुरते, पण मागचं चाक फिरेल तर शपथ. "पंधरा दिवस नाही झाले अन् मोडलास!" म्हणत मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

रात्री तो झोपल्यावर ट्रक उलटा करून पाहिला. चाकाच्या दांडीला गच्च गुंडाळलेले होते माझेच लांब केस आणि माझ्या शिलाईचा दोरा! जमिनीवर पडलेलं सारं त्या चाकाने गोळा केलं होतं. मला फार वाईट वाटलं.

तेव्हा तुम्ही रागावण्याआधी चाकं तपासा. पहिल्यांदा सेल काढून ठेवा. केस-दोरे सुईने सैल करून कात्रीने कापा. चाक अडलेलं असताना रिमोट दाबत राहिलं तर मोटर तापते, प्रसंगी जळतेही. पावसाळ्यात आपली काळी माती चाकात बसते. ती वाळू द्या आणि जुन्या टूथब्रशने झाडा. नळाखाली ट्रक धरू नका, पाणी आत मोटरपर्यंत जातं.

रबरी टायर निसटत असेल तर चाकाची कड साबणाने पुसून पूर्ण कोरडी करा आणि कडेने फेव्हिक्विकचे थोडे थेंब सोडा. प्लॅस्टिकला तडा गेला असेल तर फटीत चिमूटभर खाण्याचा सोडा भरून वर एक थेंब टाका, क्षणात दगडासारखं घट्ट होतं. त्या वेळी वाफ येते, म्हणून खिडकी उघडी ठेवा. सांडलेला गोंद कापसाने मुळीच पुसू नका, कापूस तापून चटका बसतो. बोटं चिकटलीच तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा. हे काम मोठ्यांनीच करायचं, बरं का!

दांडी फिरते पण चाक जागेवरच राहतं, म्हणजे चाकाचं भोक झिजलं. मग नवं चाकच घ्यावं. मोठ्या ट्रकना चाकामागे षट्कोनी तुकडा असतो, बहुधा १२ मिलिमीटरचा. दुकानात जाताना जुनं चाक आणि तो तुकडा, दोन्ही न्या. चाक बसवल्यावर बोटाने फिरवून पाहा. पुढचं चाक मोकळं फिरलं पाहिजे. स्क्रू फार आवळला तर तेही अडतं.

सकाळी ट्रक अंगणभर धावला. मी लेकाला जवळ घेऊन म्हटलं, "चूक माझी होती रे." तो क्षणभर विचार करून म्हणाला, "मग आई, धपाटा परत घे!"