केवढ्याला पडली, ॲव्हरेज काय, माल किती?

बीडच्या बार्शी नाक्यावर उद्या टेस्लाचा विजेवरचा पिकअप, म्हणजे सायबरट्रक, येऊन थांबला तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. पाच मिनिटांत गर्दी, दहा मिनिटांत रील, आणि गर्दीतला एखादा जाणकार बॉडीवर बोटानं टकटक करून विचारणार, "पत्रा किती गेजचा हाय?" मग ठरलेले तीन प्रश्न: केवढ्याला पडली, ॲव्हरेज काय देती, आणि माल किती बसतो?

ही गाडी भारतात विकायला नाही. तरी एप्रिल २०२५ मध्ये सुरतेतल्या एका उद्योजकानं दुबईहून एक मागवली. तिचे व्हिडिओ असे फिरले की, सुरत कधी न पाहिलेल्यालाही सुरतेचे रस्ते ओळखीचे झाले. लोक मोबाइल काढून मागे धावत होते. त्यांचं चुकलं तरी काय? रंग न दिलेलं स्टेनलेस स्टील, सगळे कोपरे टोकदार, काचेवर भलामोठा एकच वायपर. धान्याची कोठी आडवी करून तिला चाकं लावावीत, तसं दिसणारं वाहन रोज थोडंच दिसतं!

प्रश्नांची उत्तरं, बीडच्या हिशेबानं

ॲव्हरेज: एका चार्जिंगमध्ये पाचशे किलोमीटरच्या वर, असं कंपनी सांगते. म्हणजे बीडहून निघून मुंबई गाठता येईल. परतीचं करंट तिथंच भरायचं.

माल: कागदोपत्री सुमारे ११३४ किलो. इथं मात्र बीडकराचा चेहरा पडणार. ऊसतोडीला जाणारी भरलेली टायरबैलगाडी सहज दीड-दोन टनांची असते, आणि ती दोन बैल ओढतात! ओढण्याचा विचार केला तर सायबरट्रक जवळपास पाच टन ओढतो. पण दर दिवाळीनंतर ज्या जिल्ह्यातून लाखो माणसं कारखान्यांकडे निघतात, त्यानं उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पाहिलेला असतो. पाच टनांचं कौतुक त्याला कोण सांगणार?

मजबुती: २१ नोव्हेंबर २०१९ रोजी अमेरिकेत गाडी पहिल्यांदा दाखवली, तेव्हा काच किती भक्कम आहे हे सिद्ध करायला डिझायनर फ्रान्झ फॉन होल्झहाउझेन यांनी तिच्यावर लोखंडी गोळा मारला. काच तडकली. मग दुसरी काच. तीही तडकली! इलॉन मस्क स्टेजवर उभेच होते. आणि लोकांनी काय केलं? पुढच्या काही दिवसांत शंभर-शंभर डॉलर भरून लाखांनी बुकिंग केलं. माणसाला एकदा गाडी आवडली की काचेचं काय घेऊन बसलात.

पुढची गंमत गॅरेजवाल्यांसाठी. एप्रिल २०२४ मध्ये ॲक्सिलरेटरच्या पेडलवरचं कव्हर सरकून अडकतं, म्हणून ३८७८ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण? जोडणी करताना ते कव्हर बसेना, म्हणून साबण लावून बसवलं होतं. मार्च २०२५ मध्ये आणखी ४६ हजारांवर गाड्या बोलावल्या, कारण स्टीलची चिकटवलेली एक पट्टी चालत्या गाडीतून निखळू शकत होती. बीडमध्ये हे ऐकल्यावर वेल्डिंगवाला एकच प्रश्न विचारेल: "चिकटवली कशाला? टाका मारायचा ना!"

अजब गाड्या आपल्याकडेही कमी नाहीत

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे साठ हजार रुपयांत चारचाकी बनवली. तीही किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये व्हिडिओ आनंद महिंद्रांपर्यंत पोचला आणि त्यांनी अदलाबदल सुचवली: ती गाडी आम्हाला द्या, बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहारांच्या दारात आली. चारचाकीला किक मारताना पाहून हसणारे आता काय म्हणत असतील, कल्पना करा.

त्याच जिल्ह्यात, इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये बैलगाडीला पुढच्या बाजूला तिसरं चाक लावलं. नाव ठेवलं 'सारथी'. उसाचं ओझं बैलांच्या मानेवर कमी यावं, एवढाच उद्देश. देशभर कौतुक झालं. मला विचाराल तर सायबरट्रकपेक्षा ही गाडी बीडमध्ये आधी दिसायला हवी.

आपल्याच मराठवाड्यातल्या नांदेडकडे, अर्धापूर तालुक्यात, फुलं पिकवणाऱ्या एका शेतकऱ्यानं माल बाजारात न्यायला स्वतःच विजेवरची मोटारसायकल जुळवली. चौदा रुपयांच्या विजेत शंभर किलोमीटर, असा त्यांचा हिशेब. ॲव्हरेजच्या प्रश्नाचं इतकं चोख उत्तर अजून कुठल्या कंपनीनं दिलेलं नाही.

बघ्यांचा जुना इतिहास

नवं वाहन बघायला गर्दी करणं हा आपला जुनाच छंद. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली, तेव्हा वाटेतल्या गावांनी तिचं स्वागत केलं. लाकडी बॉडी, वर कापडी छप्पर. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच पुणे-नगर मार्गावर विजेवरची 'शिवाई' धावली. आणि ज्यांच्याकडे एसटीचा कारभार, त्या परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या शोरूममधून कंपनीनं देशात अधिकृतपणे विकलेली पहिली टेस्ला घेतली. ती सायबरट्रक नव्हे, मॉडेल वाय. साठ लाखांच्या घरातली.

बीडची गर्दी मात्र त्याच महिन्यात दुसरीकडे होती. १७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. बीड शहरातून अहिल्यानगरला पहिली रेल्वे सुटली. परळीला रेल्वे कधीपासूनच होती, पण जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हती. १९९५ मध्ये मंजूर झालेला २६१ किलोमीटरचा अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग २०२२ मध्ये कुठं आष्टीपर्यंत आला होता. तीन दशकं ज्या गाडीच्या नुसत्या घोषणा ऐकल्या, ती समोर उभी राहिल्यावर कुणी ॲव्हरेज विचारत नाही. सेल्फी काढतो.

आता खरं पिकअप

२००५ मध्ये टाटा एस आली आणि महाराष्ट्रानं तिला 'छोटा हत्ती' म्हणून दत्तक घेतलं. २०२२ मध्ये ती विजेवरही आली. दिसायला तीच, फक्त आवाज गायब. त्यामुळे तिच्याभोवती गर्दी जमत नाही. फार तर भाजीवाला दचकून बाजूला होतो, एवढंच.

दचकवण्याचं खरं काम पुण्याची 'ईव्हा' करेल. वायव्ह मोबिलिटी या कंपनीची ही छोटीशी विजेची गाडी. छपरावर सोलर पॅनल, आणि त्याच्या उन्हावरच दिवसाला दहाएक किलोमीटरची भर पडेल असा दावा. मे महिन्यातल्या बीडच्या उन्हाला शेवटी काहीतरी काम मिळालं म्हणायचं! फक्त आत जागा तिघांचीच, त्यातही दोन मोठी माणसं आणि एक लेकरू. काळीपिवळीत दाटीवाटीनं बसायची सवय असलेला आपला माणूस गाडीभोवती एक फेरी मारेल, आत वाकून बघेल आणि विचारेल, "बरं, टपावर किती बसतात?"

टपावर तर सोलर आहे.