फ्लॅनन बेटावरील दीपगृह

स्कॉटलंडच्या वायव्येस अटलांटिक महासागरांत लुइस नांवाचें बेट आहे. त्याच्याही पश्चिमेस सुमारें २० मैलांवर खडकाळ बेटांचा एक लहानसा पुंजका आहे. हींच फ्लॅनन बेटें. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटास तेथील गेलिक भाषेंत ‘आयलन मोर’, म्हणजे ‘मोठें बेट’, असें म्हणतात. परंतु हें मोठेपण शेजारच्या खडकांच्या मानानेंच समजावयाचें. त्याचा माथा समुद्रापासून २८८ फूट उंच असून त्यावर ७५ फूट उंचीचें एक पांढरें दीपगृह उभें आहे.

या दीपगृहाचें छायाचित्र घेण्यासाठीं उन्हाळ्यांत कोणी कोणी हौशी छायाचित्रकार होडीनें तेथवर जातात. काम सोपें नाहीं. बेटास बंदर नाहीं. होडी लाटेबरोबर सारखी वरखालीं होत असते, त्यामुळें कॅमेऱ्याचें शटर अगदीं क्षणमात्र उघडावें लागतें. पांढऱ्या मनोऱ्यास जपावें तर खालचे कडे काळेठिक्कर उमटतात. कड्यांना जपावें तर मनोरा आकाशांत विरून जातो. इतकें करूनही हातीं येणारें चित्र बहुधा एकाच जातीचें असतें: खालीं समुद्र, मध्यें कडा, वर एकाकी मनोरा. माणूस त्यांत नसतो. १९७१ सालीं येथील दीप स्वयंचलित झाला, आणि तेव्हांपासून बेटावर कोणी राहत नाहीं.

परंतु पाहणाराचें मन रिकामी जागा रिकामी ठेवीत नाहीं. त्या मनोऱ्याच्या खिडकीशीं तें एक चेहरा उभा करतें. त्याला दाढी देतें, दुःख देतें, वादळी रात्र देतें. दीपगृहाचा रक्षक म्हणजे जगाला विटलेला किंवा एकांतानें भ्रमिष्ट झालेला मनुष्य, अशी आपली एक ठाम समजूत असते. फ्लॅननच्या बाबतींत तर या समजुतीला फारच खाद्य मिळालें. १९०० सालच्या डिसेंबरांत येथील तिन्ही रक्षक नाहींसे झाले आणि पुन्हां कधींही सांपडले नाहींत.

कल्पनेला थोडा आवर घालून तेंच छायाचित्र पुन्हां पाहिलें तर त्यांत निराळ्याच गोष्टी दिसूं लागतात. कड्यावरून दीपगृहाकडे चढत गेलेली फिकट रेघ पायवाट वाटते. ती रुळांची वाट होती. पूर्वेच्या व पश्चिमेच्या अशा दोन धक्क्यांवर उतरलेला माल दोराच्या साहाय्यानें याच रुळांवरून वर ओढीत. दोन्ही वाटा जेथें मिळत त्या ठिकाणाला ‘क्लॅपम जंक्शन’ असें नांव पडलें होतें. क्लॅपम जंक्शन म्हणजे लंडनमधील आगगाड्यांचें अत्यंत गजबजलेलें ठाणें. जेथें चौथा माणूस क्वचितच दिसावयाचा, तेथें ज्यांनीं हें नांव ठेवलें त्यांचा विनोद शाबूत होता, एवढें तरी म्हणतां येईल.

दीपगृह बांधावयास १८९५ पासून १८९९ पर्यंत चार वर्षें लागलीं. त्याचा आराखडा डेव्हिड अॅलन स्टीव्हन्सन याचा. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचा चुलतभाऊ. बांधकामाचें सर्व सामान आगबोटीनें आणून उभ्या कड्यांवरून वर चढवावें लागलें. ७ डिसेंबर १८९९ रोजीं दीप प्रथम पेटला.

रक्षक एकंदर चार असत. तिघे बेटावर आणि एक पाळीपाळीनें लुइसवर आपल्या घरीं. बायकामुलें लुइसच्या किनाऱ्यावर ब्रेस्क्लीट येथें राहत. बेटावरचा दिवस एकांताच्या चिंतनांत जात नसे. तो पुसण्याघासण्यांत जाई. सूर्य मावळला कीं दिवा लावावयाचा व उजाडेपर्यंत पाळीनें जागावयाचें. त्या काळच्या दीपगृहांत भिंगांचें अवजड चक्र घड्याळाप्रमाणें वजनावर फिरे, म्हणून रात्रीं तें वजन वारंवार किल्ली देऊन वर चढवावें लागे. सकाळीं भिंगें पुसावयाचीं, पितळ घांसावयाचें, दिव्यांत तेल भरावयाचें. मग दिव्याच्या खोलीच्या कांचांवर पडदे ओढावयाचे. कारण जें भिंग दिव्याचा प्रकाश समुद्रावर फेंकतें, तेंच दिवसा सूर्याचा प्रकाश आंत एकवटून आग लावूं शकतें. त्यानंतर हवेच्या नोंदी, स्वयंपाक, धक्क्यांवरील दोर व याऱ्या यांची देखभाल. हें सर्व श्रोत्यांना रुक्ष वाटेल, पण पुढची हकीकत कळण्यास हाच रुक्ष दिनक्रम उपयोगीं पडतो.

१९०० च्या डिसेंबरांत बेटावर जेम्स डुकॅट हा मुख्य रक्षक, थॉमस मार्शल हा साहाय्यक आणि आजारी पडलेल्या एका रक्षकाच्या जागीं आलेला डोनल्ड मॅकआर्थर असे तिघे होते. बिनतारी यंत्र तेथें नव्हतें. लुइसच्या किनाऱ्यावरून एका मनुष्यानें रोज रात्रीं दीप दिसतो कीं नाहीं तें पहावें, अशी व्यवस्था होती. त्याला ७ तारखेस दीप दिसला. ८ पासून ११ पर्यंत दिसला नाहीं. १२ तारखेस पुन्हां दिसला. पुढें दिसला नाहीं, तरी कोणी घाबरलें नाहीं. मध्यें धुकें व पाऊस असला म्हणजे असें नेहमींच होई. त्या भागांतून जाणाऱ्या ‘आर्क्टर’ नांवाच्या आगबोटीला १५ तारखेच्या रात्रीं दीप बंद असल्याचें आढळलें होतें. पण ती वार्ता वेळेवर पोंचली नाहीं.

‘हेस्पेरस’ ही बदली रक्षक घेऊन जाणारी आगबोट २० तारखेस जावयाची, ती वादळामुळें २६ तारखेस दुपारीं पोंचली. धक्क्यावर कोणी आलें नाहीं. बदलीचा रक्षक जोसेफ मूर एकटाच वर गेला. चुलींत कित्येक दिवसांत विस्तव पडलेला नव्हता. घड्याळें बंद पडलीं होतीं. बिछाने रिकामे होते. परंतु स्वयंपाकाचीं भांडीं स्वच्छ घासून ठेवलेलीं होतीं. दिवा पुसून, तेल भरून रात्रीसाठीं सज्ज होता आणि कांचांवरचे पडदे ओढलेले होते. पाटीवरची शेवटची नोंद १५ तारखेच्या सकाळीं ९ वाजतांची होती. म्हणजे सकाळचें सर्व काम यथासांग उरकलें होतें, दुपारचें जेवण होऊन भांडींही घासलीं गेलीं होतीं, आणि रात्रीचा दिवा मात्र लागला नव्हता.

चौकशीस आलेला अधिकारी रॉबर्ट म्यूरहेड यानें पश्चिमेचा धक्का पाहिला. समुद्रापासून ११० फूट उंचीवर खडकाच्या कपारींत ठेवलेली दोरांची पेटी फुटून दोर विखुरले होते. लोखंडी कठडे पिळवटले होते. एक टनाहून जड असा दगड जागचा हलला होता. एवढेंच काय, २०० फुटांवरील कड्याच्या माथ्यावरची हिरवळ लाटांच्या माऱ्यानें ३३ फूट आंतपर्यंत उखडली होती. दोघांचे मेणकापडाचे कोट व बूट नव्हते; मॅकआर्थरचा कोट मात्र खुंटीवरच होता. १५ तारखेच्या दुपारीं पेटी व दोर सांवरण्यासाठीं ते खालीं उतरले आणि अकस्मात् चढून आलेल्या प्रचंड लाटेनें तिघांनाही ओढून नेलें, असा म्यूरहेडचा निष्कर्ष होता. डुकॅटच्या मागें पत्नी व चार मुलें राहिलीं, मॅकआर्थरच्या मागें पत्नी व दोन मुलें. मार्शल अविवाहित होता.

१९१२ सालीं विल्फ्रिड गिब्सन या इंग्रज कवीनें या घटनेवर कविता लिहिली. तींत टेबलावर मांडलेलें पण कोणी न शिवलेलें जेवण आहे आणि उलथलेली खुर्ची आहे. काव्य म्हणून तें परिणामकारक आहे यांत शंका नाहीं. परंतु पुढें लोक त्यालाच पुरावा मानूं लागले. रक्षक रडत होते, प्रार्थना करीत होते अशा रोजनिशींतल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या नोंदीही मागाहून रचलेल्या आहेत. मूळ चौकशींत त्यांचा मागमूस नाहीं. पुढें पीटर मॅक्सवेल डेव्हिस यानें याच विषयावर एक संगीतिका रचली. भुतें, वेड, खून, कसलीही कल्पना या तिघांच्या वांट्यास यावयाची राहिलेली नाहीं. वास्तविक उलथलेल्या खुर्चीपेक्षां घासून ठेवलेलीं भांडीं अधिक चटका लावणारीं आहेत. तीं घासणाराला संध्याकाळीं त्यांची गरज लागणार होती. ज्यांनीं त्या दिवशीं आपलें काम नीट केलें, त्यांना केवळ आपल्या करमणुकीसाठीं भ्रमिष्ट ठरविणें हा त्यांच्यावर अन्यायच होय.

त्या २६ तारखेस मूर यानें जें केलें तें कवितेंत सहसा येत नाहीं. ‘हेस्पेरस’ वरील तिघां माणसांना सोबत घेऊन तो त्या ओसाड घरांत राहिला, आणि त्याच रात्रीं त्यानें दिवा लावला. लुइसवरून पाहणाऱ्याला १२ तारखेनंतर दीप दिसला तो त्या रात्रीं.

दीपगृहाच्या नांवावर छायाचित्रांत अजून एक गोष्ट मिळूं शकते. पण त्यासाठीं रात्रीं जमिनीवर तिवई भक्कम रोवून बसावें लागतें. फ्लॅननचा दीप दर ३० सेकंदांत लागोपाठ दोनदां चमकतो. शटर त्याहून कमी वेळ उघडें ठेवलें तर कदाचित् नुसता काळोखच पदरीं पडेल. पुरतें अर्धें मिनिट उघडें ठेवलें म्हणजे दोन्ही झोत येतात, आणि त्यांच्या ओझरत्या उजेडांत पश्चिमेकडे उतरत गेलेली ती जुनी रुळांची वाटही थोडीशी उमटते.