मोजपट्टी कुणी बनवायची?

लेखमाला : मनाचं मोजमाप – लेखांक 7

गेल्या आठवड्यात आपण पॅरिसमध्ये थांबलो होतो. 1905 साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी पहिली बुद्धिमापन चाचणी बांधली, तिथे. ती चाचणी मराठीत कशी आली आणि आज ती हाताळणारी माणसं कशी घडतात, हे या आठवड्यात पाहू.

ती आली धारवाडमार्गे. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात बिने चाचणीच्या, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी केलेल्या 1916 च्या स्टॅनफर्ड आवृत्तीवरून कानडी आणि मराठी मुलांसाठी चाचणी बसवली. प्रश्न नुसते भाषांतरित करून ते थांबले नाहीत. कोणत्या वयाच्या मुलाला कोणता प्रश्न जमतो, हे त्यांनी इथल्याच मुलांवर तपासलं, जमत नसलेले प्रश्न हलवले, बदलले. 1940 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं त्यांचं ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हे पुस्तक काढलं. दुसरं काम नागपूरचं. तिथल्या बालमार्गदर्शन केंद्रात ए. जे. मालिन यांनी 1960 च्या दशकात अमेरिकेतली वाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी भारतीय मुलांसाठी घडवली आणि 1969 मध्ये वेक्स्लर यांच्या बालबुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप तयार केलं. देशभरातले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्याला ‘मिसिक’ म्हणतात, कामतांच्या चाचणीला ‘बीकेटी’.

देशातल्या मुलांच्या मापाचा केवढा मोठा भाग धारवाड आणि नागपूर या दोन गावांतून आला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. मला त्याचा अभिमान वाटतो. आणि काळजीही वाटते, कारण त्यानंतर आपण या कामात पुरेशी भर घातलेली नाही.

छत्रपती संभाजीनगरात याचा अर्थ काय होतो? सोयगाव, कन्नड, पैठणहून पहाटेची एसटी धरून आई-बाप मुलाला घेऊन घाटी या सरकारी रुग्णालयात किंवा चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात येतात. हातात शाळेची चिठ्ठी असते, ‘अभ्यासात गती नाही’ अशी. त्यांना दिव्यांग प्रमाणपत्र हवं असतं, किंवा मुलाला नक्की काय झालंय ते कळायला हवं असतं. पुष्कळदा दोन्ही. टेबलापलीकडे बसलेल्या व्यक्तीवर पुढची दहा-पंधरा वर्षं अवलंबून असतात.

ही व्यक्ती होण्याची वाट लांब आहे. मानसशास्त्रात एम.ए. केलं की पाटी लावता येते असा समज गावोगावी आहे, आणि तो घातक आहे. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानं या व्यवसायासाठी नोंदणी आणली. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची जी व्याख्या आहे, तिच्या मुळाशी परिषदेनं मान्य केलेलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. आणि रुग्णांसोबतचं देखरेखीखालचं प्रशिक्षण आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं एम.फिल. ही पदवीच मोडीत काढायचं ठरवलं, त्यामुळे ही वाट आता नव्यानं आखली जाते आहे. मराठवाड्यातल्या मुलीला आजवर त्यासाठी बहुधा पुणं, बेंगळुरू किंवा रांची गाठावी लागली. तिथली दोन वर्षं सोपी नसतात. वॉर्डातल्या फेऱ्या असतात, शेकडो चाचण्या असतात. प्रत्येक अहवाल वरिष्ठांच्या लाल शाईतून जातो.

त्या दोन वर्षांत शिकायचं असतं काय? गुण काढणं महिन्याभरात येतं. पाहणं यायला वेळ लागतो. वेक्स्लरच्या चाचणीत लाल-पांढरे ठोकळे असतात, कार्डावरच्या नक्षीसारखी नक्षी जुळवायची. (नेमके प्रश्न आणि नक्ष्या इथे देत नाही. त्या छापल्या की चाचणी निकामी होते.) दोन मुलांना इथे अगदी सारखे गुण पडू शकतात. पहिला मुलगा नक्षीकडे बराच वेळ बघतो, मग न अडखळता ठोकळे लावतो, पण घड्याळ पुढे गेलेलं असतं. दुसरा झपाट्यानं सुरुवात करतो, कोपरा चुकतो, सगळं विस्कटतो, पुन्हा लावतो, मध्येच आईकडे बघतो. तक्त्यात आकडा एकच उमटतो. जाणकार तज्ज्ञ मात्र पहिल्याला सावकाश पण नीट विचार करणारं मूल म्हणून नोंदवेल. दुसऱ्याच्या बाबतीत लक्ष टिकण्याची आणि धास्तीची चौकशी करेल. आणि त्याआधी मुलानं सकाळपासून काही खाल्लंय का, हे विचारेल. पाच तास प्रवास करून आलेल्या उपाशी मुलाची बुद्धी मोजता येत नाही.

वाइनलँड श्रेणीत तर मुलाला विचारायचंच नसतं, आईशी बोलायचं असतं. मालिन यांच्या आवृत्तीत 89 कलमं आहेत. स्वतः जेवणं, कपडे घालणं, ये-जा करणं, मिसळणं, जबाबदारी घेणं अशा अंगांनी त्यांची मांडणी आहे. “आंघोळ स्वतः करतो का?” आई म्हणते, “नाही, मीच घालते.” नवखी व्यक्ती तिथे शून्य लिहून पुढे जाते. अनुभवी तज्ज्ञ थांबते. “तुम्ही गावाला गेलात तर?” “मग करतो की. पण साबण डोळ्यात घालून घेतो, उशीर होतो, शाळेची गाडी निघून जाते.” म्हणजे जमतं, करू दिलं जात नाही. या दोन उत्तरांमधलं अंतर छापील प्रश्नावली भरून घेतली तर हाती लागत नाही.

आता त्या आकड्याचं पुढे काय होतं ते बघा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट आहे. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बौद्धिक दिव्यांगत्वात वाइनलँडचा गुणांक 55 ते 69 असेल तर 50 टक्के, आणि 70 ते 84 असेल तर 25 टक्के, असं ठरलं. म्हणजे 69 आणि 70 यांच्यामध्ये सवलतींचा अख्खा दरवाजा आहे. प्रत्येक चाचणीत काही गुणांची चूक गृहीत धरलेली असते. तरीही तो दरवाजा एका गुणावर उघडतो किंवा मिटतो.

त्यात मोजपट्टी जुनी. जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये दाखवून दिलं की 1932 ते 1978 या काळात अमेरिकेत बुद्धिमापन चाचण्यांतली कामगिरी जवळपास 14 गुणांनी वर सरकली होती. माणसं तेवढी हुशार झाली असा त्याचा सरळ अर्थ नाही. शाळा, पोषण, चित्रांची आणि छापील मजकुराची सवय, सगळंच बदललं. पण परिणाम स्पष्ट आहे : आजच्या मुलाची तुलना अर्धशतकापूर्वीच्या सरासरीशी केली तर त्याचा गुणांक फुगतो. ज्याला खरोखर मदत हवी तो कागदावर ‘सीमारेषेवरचा’ ठरतो आणि रिकाम्या हातानं परत जातो. आपल्याकडे वाढीचा वेग नेमका तोच असेल असं धरायचं कारण नाही. पण काहीच बदललं नाही असं धरणं त्याहून चुकीचं आहे. उलट दिशेनंही चूक होते. वाइनलँड श्रेणी मूल एकट्यानं ये-जा करतं का, हे विचारते; पण शहरातल्या रहदारीमुळे आज अनेक पोरांना आई-बाप शाळेत एकटं पाठवत नाहीत, तिथे मुलाचे गुण विनाकारण कमी होतात. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं आणि त्याची परीक्षा प्रमाण मराठीत होते, तेव्हाही तेच.

जाधववाडीच्या बाजार समितीतल्या काट्यावर ठरावीक मुदतीनं वैधमापन खात्याची मोहर लागते. मुलांच्या काट्याला अशी मुदतच नाही.

मग तुलनेसाठीचे नवे मानदंड कुणी करायचे? इथे या विषयातल्या शैक्षणिक कारकिर्दीचा प्रश्न येतो. हिशोब मांडू. वय 6 ते 15, म्हणजे दहा वयोगट. प्रत्येकात निदान शंभर मुलं, मुलगे-मुली सारख्या संख्येनं, शहरातली, खेड्यातली, तांड्यावरची, आईचं शिक्षण लक्षात घेऊन निवडलेली. झाली हजार मुलं. एका दिवसात एका व्यक्तीकडून नीट तीनच चाचण्या होतात. म्हणजे एकट्या माणसाला वर्षभराहून अधिक कामाचे दिवस, आणि तेही फक्त माहिती गोळा करायला. पुढे काही मुलांची पुन्हा चाचणी, दोन परीक्षकांचे गुण जुळतात का ते पाहणं, डळमळीत प्रश्न गाळणं. एवढं करून हाती येतो एक तक्ता आणि एक पुस्तिका. बढतीच्या गुणपत्रकात मात्र त्याच काळात छापलेले चार-पाच सुटसुटीत शोधनिबंध अधिक वजनदार ठरतात. शंभर-सव्वाशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून तयार प्रश्नावली भरून घेऊन पीएच.डी. होते, म्हणून ती केली जाते. मी यासाठी संशोधकांना दोष देणार नाही. दोष बक्षीस कशाला द्यायचं हे ठरवणाऱ्यांचा आहे.

हे काम मराठीत होऊ शकतं. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत 1962 पासून बुद्धिमत्तेचा विचार गांभीर्यानं झाला आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिल्फर्ड यांच्या बुद्धिमत्तेच्या आराखड्यावर मराठीत चाचण्या बांधल्या गेल्या. तिथे एक संस्था अनेक वर्षं एका प्रश्नामागे उभी राहिली. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी तान्ह्या मुलांच्या विकासाची श्रेणी भारतीय बाळांवर बसवली. तिच्या सुधारित आवृत्तीत हालचालींची 67 आणि मानसिक विकासाची 163 कलमं आहेत. ती देशभर वापरात आहे.

संभाजीनगरात 1958 पासून विद्यापीठ आहे, 1956 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. घाटीत मुलं येतात, विद्यापीठात संशोधक येतात. दहा संशोधकांनी प्रत्येकी एक वयोगट वाटून घेतला, एकाच पद्धतीनं मापं घेतली आणि दहा प्रबंधांतून एकच तक्ता उभा केला, तर मराठवाड्याच्या मुलांचे स्वतःचे मानदंड चार-पाच वर्षांत तयार होऊ शकतात. त्यासाठी मार्गदर्शकांनी आपापले विषय बाजूला ठेवायला हवेत, आणि विद्यापीठानं अशा सामायिक प्रबंधांना रीतसर मान्यता द्यायला हवी.

तोवर पालकांनी अहवाल घेताना चार गोष्टी जरूर विचाराव्यात. कोणती चाचणी घेतली, तिचे मानदंड कोणत्या सालचे, चाचणी कोणत्या भाषेत झाली, आणि घेणाऱ्याचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय. अहवालात नुसता आकडा असेल आणि मुलाला काय जमतं, कशात अडतं, घरी-शाळेत काय करायचं याचा एकही परिच्छेद नसेल, तर तो लिहून मागा. तो तुमच्या मुलाचा हक्क आहे.

पुढच्या आठवड्यात : बुद्धी चांगली, तरी वाचता येत नाही. अध्ययन अक्षमतेची तपासणी आठव्या वर्षाच्या आसपास का करतात?